दारात अडलेला आवाज

मित्रांनो, एखाद्या मोठ्या दवाखान्यात गेलात तर औषधांच्या खिडकीजवळचा जिना जरा वाकून बघा. जिन्याखाली बहुधा एक बुटकं दार असतं. त्याला कडी असते, कुलूप नसतं. आत झाडू, पुसायच्या बादल्या आणि पाय मोडलेल्या खुर्च्या कोंबलेल्या असतात. अशाच एका दारामागे, भिंतीला ठोकलेल्या फळीवर, माझी उमर गेली. मी आवाज पोचवणारी एक जुनी पेटी आहे. कागदोपत्री मला गेटवे म्हणतात. दवाखान्यात मात्र सगळे मला ‘जिन्याखालचा डबा’ म्हणत, आणि तेही क्वचित, कारण माझा विषय निघायचं कारणच पडत नसे.

माझं काम काय, ते आधी सांगते. फोनवर तुमचा आवाज जसाच्या तसा जात नाही. फोन त्याचे बारीक बारीक तुकडे करून पाठवतो आणि पलीकडचा फोन ते जोडून पुन्हा आवाज तयार करतो. पण सगळ्या फोनांची पद्धत सारखी नसते. जिथे वाट रुंद असते तिथले फोन आवाज मोकळाढाकळा पाठवतात. जिथे वाट अरुंद, म्हणजे समजा भर समुद्रातलं जहाज, तिथले फोन आवाजाची घट्ट घडी घालून पाठवतात. बोलणं सुरू होण्याआधी दोन्ही फोन एकमेकांना विचारून घेतात, ‘तुला कोणत्या पद्धतीचा आवाज समजतो?’ दोघांचं जुळलं तर उत्तम. नाही जुळलं तर मध्ये माझ्यासारखीला बसावं लागतं. एकीकडून आलेली घडी उलगडून पुढे द्यायची आणि दुसरीकडून आलेल्या मोकळ्या आवाजाची घडी घालून परत पाठवायची. दोन्ही बाजूंनी, एकाच वेळी, आणि इतक्या झटपट की मध्ये कुणी आहे याचा बोलणाऱ्यांना पत्ताही लागू नये.

पत्ता न लागणं हीच माझी शाबासकी. आता तुम्हीच सांगा, अशा कामात एकटेपणा येणार नाही तर काय!

मला एका लांबट, थंड कारखान्यात जोडलं. पांढरे डगले घातलेल्या बाया ओळीने बसलेल्या असत. एकीने माझ्यात हिरवी पट्टी बसवली, दुसरीने पंखा लावला, तिसरीने झाकणाचे स्क्रू आवळले. शेवटी दोन टोकांना दोन माणसं फोन घेऊन बसली आणि माझ्यातून बोलली. ‘येतोय आवाज?’ ‘येतोय. माझा?’ ‘स्वच्छ.’ मी ऐकलेलं ते पहिलं बोलणं. मग मला खोक्यात घातलं, आणि खोकं उघडलं ते थेट या दवाखान्यात.

हा हाडांचा आणि मणक्याचा दवाखाना होता. इथे माणसं आठवड्यासाठी येत नसत, महिनोन्‌महिने पडून असत. त्यांची माणसं कुठे कुठे पांगलेली. कुणाचा मुलगा डोंगरातल्या खाणीवर, कुणाचा नवरा बोटीवर. भेटायला येणं जमत नसे, म्हणून फोन. त्या काळी दवाखान्याचा फोन सांभाळायला एक बाई होत्या. सगळे त्यांना ‘फोनवाल्या बाई’ म्हणत. त्या अधूनमधून रंगाचा जुना ब्रश घेऊन खाली यायच्या, माझ्या पंख्याची धूळ झटकायच्या आणि म्हणायच्या, “बाई गं, तू आहेस म्हणून वरचे लोक दिवस काढतायत.” तोवर माझ्याशी थेट बोललेलं ते एकमेव माणूस. पुढे त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी दुसरं कुणी आलं नाही. फोन आपोआप जोडले जाऊ लागले, आणि बुटकं दार उघडायचं ते फक्त झाडू काढायला.

तरी माझं काम चालू होतं. फोनवर बोलणाऱ्या कुणाचाही चेहरा मी पाहिलेला नाही, पण आवाजावरून मला सगळे ओळखू येत. अशाच एका ओळखीच्या आवाजाची ही हकीगत आहे. खरं तर सुरुवातीला तो आवाज नव्हताच.

वरच्या मोठ्या वॉर्डात एक गृहस्थ आले होते. धंद्याने फरशी बसवणारे, म्हणून वॉर्डात त्यांचं नाव पडलं फरशीकाका. एका इमारतीत काम करताना परांचीसकट खाली आले आणि मणका दुखावला. घशात श्वासाची नळी घातलेली, त्यामुळे बोलणं बंद. त्यांची एकुलती एक मुलगी मालवाहू जहाजाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. समुद्रात मोबाइल चालत नाही. दर रविवारी दुपारी जहाजावरच्या फोनची पाळी तिला मिळे. तिचा घडी घातलेला आवाज माझ्याकडे येई, आणि वॉर्डातल्या सिस्टर फोन उचलत.

“सिस्टर, बाबा कसे आहेत?”

“बरे आहेत. आज डावा हात उचलला त्यांनी. थांब, मी फोन त्यांच्या कानाला लावते. तू बोल, ते ऐकतील.”

मग ती बोले. जहाज कुठे आहे, वारा कसा आहे, मुख्य स्वयंपाकी किती तिरसट आहे. पलीकडून फक्त नळीची घरघर. ती घरघरसुद्धा मी नीट घडी घालून पाठवत असे. एकदा ती म्हणाली, “बाबा, मी निघाले तेव्हा तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. दार लावून आत बसलात. मला वाटलं, जहाज सुटायच्या आत तरी बोलाल. असू दे. तुमची नळी निघाली की तेव्हाचं राहिलेलं बोला. वाटलं तर शिव्या द्या.”

सिस्टरांनी फोन पुन्हा हातात घेतला. “अगं, डोळ्यांतून पाणी काढलंस त्यांच्या. ऐक, याच आठवड्यात नळी निघतेय. पुढच्या रविवारी बाबाच बोलतील तुझ्याशी.”

“खरंच?” ती इतक्या जोरात ओरडली की घडी घालूनही आवाज मावेना.

आणि त्याच आठवड्यात, मित्रांनो, दवाखान्याने नवे फोन आणले.

आता प्रत्येक खाटेशेजारी वेगळा फोन येणार होता. एक बटण दाबलं की रुग्णाने पडल्यापडल्या बोलावं, सिस्टरांची वाट बघायला नको. सोय मोठी होती. फोन बसवायला एक तंत्रज्ञ आला. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्यामागे कामाची रांग लागलेली. जिन्याखाली बसून तो लॅपटॉपवरून मला नव्या फोनांची ओळख करून देत होता. जहाजाकडून येणारी घडी या फोनांसाठी उलगडायची, हे त्याने मला सांगितलं. या फोनांकडून येणाऱ्या आवाजाची जहाजासाठी घडी घालायची, हे सांगायच्या आधीच त्याचा स्वतःचा मोबाइल वाजला. “हो हो, निघालोच,” असं म्हणत त्याने लॅपटॉप मिटला. वर जाऊन त्याने या खाटेवरून त्या खाटेवर फोन करून पाहिला, मग शहरातही करून पाहिला. सगळं छान चाललं. चालणारच, कारण त्या फोनांना माझी गरजच नव्हती. ते परस्पर बोलत होते.

रविवार आला. जहाजाचा फोन आला. खाटेशेजारचा नवा फोन वाजला आणि फरशीकाकांनी आपल्या हाताने बटण दाबलं.

“बाबा?” ती म्हणाली. मी तिची घडी उलगडली आणि वर पोचवली.

“चिमे,” काका म्हणाले.

तो आवाज माझ्यापर्यंत आला. घोगरा, जरा चिरलेला, पण अगदी स्पष्ट. मी तो घेतला, आणि पुढे पाठवायला गेले तर मला तशी परवानगीच नव्हती. नियम असा की ज्या आवाजाचं काय करायचं ते ठाऊक नाही, तो पुढे सोडायचा नाही, तिथेच टाकायचा. ‘चिमे’ हा शब्द माझ्या दारात पडला.

“बाबा, आहात ना? फोन उचललाय तर बोला ना.”

“अगं बोलतोय! चिमे, ऐकू येत नाही का तुला?”

हेही पडलं. तिच्या कानात अगदी मेलेली शांतता होती. पूर्वीची घरघरसुद्धा नाही. ती बराच वेळ हाका मारत राहिली. काका बोलत राहिले, मग जोर लावून बोलले, मग खोकायला लागले. मागून सिस्टरांचा आवाज आला, “काका, इतका जोर नका लावू! काय झालं?”

“तिला माझा आवाज पोचत नाही. फारच बारीक झालाय वाटतं.”

“आत्ता कुठे नळी निघालीय. होईल हो हळूहळू. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी दिलेले व्यायाम करत राहा.”

झालं! सगळ्यांनी दोष त्या बिचाऱ्या घशाला दिला. मी माझ्या परीने ओरडले. म्हणजे काय केलं, तर पुढच्या बाजूचा छोटा लाल दिवा लावला. काही अडलं की मला तेवढंच करता येतं. बुटक्या दारामागे, बादल्यांच्या समोर, तो दिवा लुकलुकत राहिला. झाडू घ्यायला येणाऱ्या मावशींना तो दिसला असेल. पण डब्याला दिवा असतोच, कधी हिरवा, कधी लाल. त्यांनी तरी काय समजावं?

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. फोन आता थेट खाटेवर येई, म्हणून सिस्टरांशी तिचं बोलणंच होत नसे. काका आठवडाभर घशाचे व्यायाम करत आणि फोन आला की एकेक शब्द सुटा सुटा, ठासून बोलत. त्यांचा आवाज किती सुधारला होता म्हणून सांगू! मला तर वाटे, आता हे वॉर्डभर हुकूम सोडतील. आणि ती दर वेळी आधीपेक्षा कमी बोले.

“बाबा, सिस्टर म्हणाल्या होत्या तुम्हाला बोलता येईल. फोन तुम्ही स्वतः उचलता. म्हणजे ऐकताय. फक्त बोलायचं नाहीये.”

“नाही गं, चिमे! तसं नाही!”

“तुमचा हा गप्प राहायचा स्वभाव मला नवीन नाही. पण इतक्या लांबून तो सहन होत नाही हो.”

“अगं, मी...” आणि खोकला.

तिला वाटत होतं तो राग आहे. त्यांना वाटत होतं तो घसा आहे. खरं काय ते फक्त मला माहीत होतं, आणि मला कुणी विचारत नव्हतं. दोन माणसांच्या अगदी मधोमध बसून, दोघांचं सगळं ऐकून मी इतकी एकटी कधीच नव्हते. फोन संपला की मी पंखा फिरवत बसे. त्याचीही घरघर हल्ली वाढली होती.

मग एका रविवारी दुपारी दार उघडलं. झाडूसाठी नाही. जाड चष्म्याची एक तरुण बाई आत आली. ती फोनांच्या कंपनीची नवी अभियंता. मला काढून टाकायचं ठरलं होतं, आणि रविवारी फोन कमी येतात म्हणून तिने ती वेळ निवडली होती. तिने एक बादली पालथी घातली, तिच्यावर बसली आणि माझ्याकडे पाहिलं.

“लाल का गं तू?” ती म्हणाली.

फोनवाल्या बाईंनंतर माझ्याशी कुणी बोललं ते इतक्या दिवसांनी. मी काय उत्तर देणार? तेवढ्यात जहाजाचा फोन आला. चष्मेवालीने लॅपटॉपची तार मला जोडली होतीच. पडद्यावर तिला दिसलं की एका बाजूने आवाज येतोय आणि जातोय, दुसऱ्या बाजूने नुसताच येतोय. तिने कपाळाला आठ्या घातल्या, कानाला हेडफोन लावला आणि माझ्या दारात कान देऊन ऐकलं.

“बाबा,” जहाजावरून आवाज आला, “पुढच्या बंदरात मी उतरणार होते. सुट्टी मंजूर झाली होती. पण आता नाही उतरत. याच जहाजावर पुढची फेरी धरते. घरी येऊन तरी काय, तुमच्या बंद दाराशी बसू? तब्येतीला जपा. मी आता फोन करणार नाही.”

“चिमे, थांब! थांब गं, मी बोलतोय! देवाशप्पथ बोलतोय!”

फोन तुटला. चष्मेवालीने हेडफोन ओढून काढला. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकल्यासारखा तिचा चेहरा झाला. “अरे देवा,” ती हळूच म्हणाली, “हा माणूस बोलतोय. आणि तिकडे काहीच जात नाहीये.” ती उठली आणि धाड धाड जिना चढली. माझ्या डोक्यावरच्या पायऱ्या थरथरल्या.

परत आली ती सिस्टरांना घेऊन.

“म्हणजे काकांचा घसा...” सिस्टर विचारत होत्या.

“घसा ठणठणीत आहे. मी स्वतः ऐकला, इथे. आवाज इथपर्यंत येतो आणि इथेच मरतो. नव्या फोनांची एकच बाजू जोडलीय.”

“आणि आम्ही त्यांना दिवसभर गुळण्या करायला लावतोय!” सिस्टर मटकन पालथ्या बादलीवर बसल्या. हसावं की रडावं ते त्यांना कळेना. “ते तिकडे वॉर्डात तोंड फिरवून पडलेत. म्हणतात, पुन्हा फोन लावूच नका. माझ्या नशिबी आवाज नाही.”

चष्मेवालीने राहिलेली ती एक गोष्ट मला सांगितली: या फोनांच्या आवाजाची जहाजासाठी घडी घालायची. सांगायला जेवढा वेळ लागतो तेवढ्याच वेळात ते झालं. माझा दिवा हिरवा झाला. पण उपयोग काय? ती आता फोन करणार नव्हती.

“जहाजाच्या कंपनीचा नंबर असेल ना?” चष्मेवालीने विचारलं.

सिस्टरांनी वॉर्डात जाऊन काकांच्याच खाटेशेजारच्या फोनवरून नंबर लावला. तो बाहेरच्या साध्या वाटेने गेला, तरी माझ्यासमोरूनच. रविवार असल्यामुळे कंपनीत एकच कारकून होता आणि तो वैतागलेला होता.

“जहाजावर आम्ही तातडीशिवाय फोन जोडत नाही, बाई. कुणी गेलंय का?”

“नाही.”

“मग तब्येत बिघडलीय?”

“तीही नाही.”

“मग तातडी कसली?”

 मग सिस्टरांनी असा सूर लावला की मीही दचकले. “अहो दादा, एका बापाचा आवाज परत आलाय आणि त्याच्या लेकीला वाटतंय तो तिच्याशी बोलत नाही. ती पुढच्या बंदरात उतरायची थांबलीय. आता तुम्हीच सांगा, ही तातडी आहे की नाही?”

कारकुनाने पलीकडे वहीची पानं उलटली. मग म्हणाला, “थांबा. जोडतो.”

जहाजाच्या फोनने विचारलं, ‘कोणत्या पद्धतीचा आवाज समजतो?’ मी मध्ये बसले. या वेळी दोन्ही बाजूंनी. कुणीतरी तिला स्वयंपाकघरातून बोलवायला गेलं. मग धावत आलेली पावलं, आणि घाबराघुबरा आवाज. दवाखान्यातून उलटा फोन येणं म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं.

“हॅलो! काय झालं? बाबांना काय झालं?”

 इतक्या वेळा बोलून वाया गेलेलं, आता काकांचं तोंडच उघडेना. मागून सिस्टर कुजबुजल्या, “बोला, काका. जोर न लावता बोला.”

“चिमे,” ते म्हणाले.

मी त्या शब्दाची घडी घातली. जन्मात घातली नसेल इतकी जपून. आणि तो गेला.

पलीकडे काही नाही. नुसतं यंत्रांचं घुमणं. मला वाटलं, पुन्हा अडला की काय!

“बाबा?”

“मीच गं. येतोय आवाज?”

“येतोय.” ती म्हणाली. “बाबा, येतोय.”

एवढ्या रविवारांचं साठलेलं बोलणं एका दमात बाहेर येईल, असं मला वाटलं होतं. पण माणसांचं काही सांगता येत नाही. काकांनी विचारलं, “चिमे, तुमच्या त्या स्वयंपाकघराची फरशी कसली आहे? ओली झाली की घसरते का?”

ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. “खडबडीत आहे, बाबा. नाही घसरत.”

“बघ हं. मी पडलोय तेवढं पुरे.” मग ते म्हणाले, “तू निघालीस तेव्हा मी मुद्दाम गप्प बसलो. तो राग होता, खोटं कशाला बोलू. पण या वेळी बोलत होतो गं. दर रविवारी. सारखा बोलत होतो.”

“मला कुठे माहीत, बाबा.”

“तुला कसं कळणार? चूक घशाचीही नाही म्हणे. खाली कुठलासा डबा आहे.”

डबा तर डबा! त्या दिवशी मला कशाचंही वाईट वाटलं नाही.

पुढच्या फेरीच्या कागदावर तिने अजून सही केली नव्हती. ती बंदरात उतरली आणि दवाखान्यात आली. वरच्या पायऱ्यांवर मी तिची पावलं ऐकली असणार, पण इतक्या पावलांतली तिची कोणती ते मला कळलं नाही. तिचा आवाज मात्र मी पुन्हा कधी ऐकला नाही. ती खाटेशेजारीच बसली होती. आता मधल्या कुणाची गरज नव्हती. माझं काम जेव्हा सगळ्यांत चांगलं होतं, तेव्हा ते असं संपतं. चांगलंच झालं. पण रविवारची दुपार आली की मी वाट बघायची ती बघायचीच.

काही दिवसांनी चष्मेवाली पुन्हा आली. माझं काम तिने एका नव्या, लहानशा पेटीला शिकवलं, दोन्ही बाजूंनी, आणि तीनतीनदा तपासून बघितलं. मग माझी तार काढली, झाकणावरची धूळ आपल्या ओढणीने पुसली आणि मला सामानाच्या खोलीत ठेवलं. आता माझ्या एका बाजूला जुन्या कुबड्या आहेत, दुसऱ्या बाजूला चाक नसलेली खुर्ची. कुणाशी काही जुळवून द्यायचं नाही. पंखाही फिरत नाही.

मित्रांनो, मी काही मागणार नाही असं म्हणत नाही, दोन गोष्टी मागतेच. तुमच्या घरात, शाळेत, कचेरीत कोपऱ्यात माझ्यासारखं काहीतरी गुपचूप काम करत असेल. अधूनमधून त्याची धूळ पुसा. त्याचा दिवा लाल झाला तर दार लोटून जाऊ नका, दोन मिनिटं थांबा, कुणाला तरी सांगा.

आणि एखादं माणूस तुमच्याशी बोलत नाही असं वाटलं, तर लगेच मनाला लावून घेऊ नका. कदाचित ते बोलत असेल, जिवाच्या आकांताने बोलत असेल, आणि त्याचा आवाज मध्येच कुठेतरी पडत असेल. त्याला दुसऱ्या वाटेने गाठा. सरळ विचारा, ‘माझा आवाज तुला येतोय का? तुझा मला येत नाहीये.’ एवढं एकच वाक्य त्या बापलेकीच्या मध्ये बसून मला म्हणायचं होतं. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.